तासावर मिळणारं मैदान: जुळे सोलापुरातल्या एका गेमिंग कॅफेची झडती

"हा काय खेळ झाला?" हे वाक्य गेमिंग कॅफेच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, मुलाला न्यायला आलेल्या वडिलांच्या तोंडून. कागदावर त्याचं उत्तर मिळून गेलंय. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला स्पर्धात्मक खेळ म्हणून वेगळं काढलं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हा प्रकार नुसता प्रात्यक्षिकाचा होता, तिथे तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य मिळवलं. २०२३ मध्ये हांगझोऊला अधिकृत पदकं सुरू झाली. आणि घाम येत नाही म्हणून खेळ नाही, हा मुद्दा बुद्धिबळ आणि कॅरमच्या खेळाडूंना अर्जुन पुरस्कार मिळाले तेव्हाच संपायला हवा होता.

पण खेळ म्हटला की मैदान आलं आणि मैदानाची मापं आली. तालमीत माती रोज खणून मऊ करतात. ती कडक राहिली तर दोष पैलवानावर टाकत नाहीत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ या गोळीबाराच्या गेम स्पर्धेसाठी खेळणाऱ्या मुलाची माती म्हणजे मॉनिटर, माउस, इंटरनेटची लाइन आणि वीज. घरी चांगला पीसी नसलेल्यांना ती तासावर विकत घ्यावी लागते. म्हणून हा रिव्ह्यू टाइमपाससाठी येणाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेला नाही. इथे एकच गोष्ट पाहिली: कालचा सराव आज त्याच अवस्थेत पुढे चालू करता येतो का?

कॅफे जुळे सोलापुरात आहे, वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. नाव देत नाही, कारण यातल्या अर्ध्याअधिक गोष्टी शहरातल्या दुसऱ्या कॅफेतही सापडतील. एकूण बारा सीट. पुढच्या चार सीट तासाला ८० रुपयांच्या: आय-५ १२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, २४ इंची १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ चित्रं) मॉनिटर. मागच्या आठ सीट ५० रुपयांच्या: आय-३ १०१००, जीटीएक्स १६५०, १६ जीबीची एकच रॅम, १४४ हर्ट्झ मॉनिटर.

पहिली खोट इथेच. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक दोन्हीत टीम पाच जणांची, आणि चांगल्या सीट चार. पाचव्याला मागे बसावं लागतं, पाठ फिरवून. सीट मांडणाऱ्याने फर्निचरचा हिशोब केला, खेळाचा नाही.

मागच्या सीटवर एकच रॅम का, हे मालकाला विचारलं तर "सोळा जीबी ती सोळा जीबीच" असं उत्तर येतं. तसं नसतं. ८-८ च्या दोन पट्ट्या योग्य खाचांमध्ये बसवल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा मिळतात. एका पट्टीला एकच. या गेम ग्राफिक कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात, त्यामुळे सरासरी फ्रेम (सेकंदाला बनणारी चित्रं) ठीक दिसतात पण धूर, आग, चार-पाच जण एकत्र आले की फ्रेम खाली आपटतात. नेमकं तेव्हाच गोळी मारायची असते.

आता मॉनिटर. ६० हर्ट्झला नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदाने येतं, १४४ ला ६.९ ने, २४० ला ४.२ ने. म्हणजे साठवरून एकशे चव्वेचाळीसवर गेलात तर जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात, तिथून दोनशे चाळीसला फक्त पावणेतीन. २४० हर्ट्झच्या नावाखाली कुणी तासाला तीस-चाळीस रुपये वर मागत असेल तर घाई करू नका. आधी १४४ खरोखर १४४ वर चालतोय का ते बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. या कॅफेत मागच्या रांगेतल्या काही सीट तिथे ६० दाखवतात.

कारणं दोन. एक, केबल चुकीच्या जागी. आय-३ १०१०० मध्ये प्रोसेसरचं स्वतःचं ग्राफिक असतं, त्यामुळे मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली तरी चित्र येऊ शकतं आणि कुणाला संशय येत नाही. १६५० कार्ड आत नुसतं बसून राहतं. पुढच्या सीटच्या १२४००एफ मध्ये ते ग्राफिकच नाही, केबल चुकली तर स्क्रीन काळी पडते, म्हणून तिथे ही चूक होऊच शकत नाही. ओळखायची खूण: सीपीयूच्या मागे वरच्या भागात उभे पोर्ट असतात ते मदरबोर्डचे, खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे. केबल खालीच हवी. जमल्यास डिस्प्लेपोर्टची, कारण बऱ्याच जुन्या १४४ हर्ट्झ मॉनिटरचा एचडीएमआय १२० च्या पुढे जात नाही.

दुसरं कारण जास्त चिवट. कॅफे डिस्कलेस आहे. पीसीत हार्डडिस्क नाही, सगळे पीसी आतल्या सर्व्हरवरच्या एकाच विंडोजच्या प्रतीवरून चालू होतात. मालकाच्या सोयीचं आहे. गेम एकदा अपडेट केली की बारा ठिकाणी झाली, व्हायरस आला तरी रिस्टार्टला गेला. पण तुम्ही केलेलं सेटिंगही रिस्टार्टला जातं. मग काउंटरवरचा संवाद असा होतो:

"अण्णा, सात नंबर साठवरच आहे."

"रिस्टार्ट मार की."

आणि रिस्टार्टनंतर सात नंबर पुन्हा साठवर. इलाज पोरांच्या हातात नाही. मालकाने मूळ प्रत उघडून रिफ्रेश रेट, माउसचं सेटिंग आणि ग्राफिक ड्रायव्हर एकदा नीट लावून सेव्ह करायचं, इतकंच काम आहे. व्हॅलोरंटची सेन्सिटिव्हिटी (माउस हलवल्यावर नजर किती वळते), क्रॉसहेअर (नेमाची खूण) आणि बटणं अकाउंटबरोबर येतात. पण हाताच्या वेगानुसार बाण कमी-जास्त सरकवणारं विंडोजचं "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" इथे चालूच सापडतं. बसल्या बसल्या ते बंद करायची सवय लावून घ्या.

माउसवर सगळ्यात जास्त लिहायला हवं, कारण सराव हातात साठतो आणि हात माउसवर असतो. कॅफेचे माउस वायरचे, चाकाखाली डीपीआयचं (इंचभर सरकल्यावर माउस किती पावलं मोजतो त्याचं) बटण असलेले. आधी बसलेल्याने ते दाबलं की ८०० चं १६०० होतं आणि कुठेही लिहून येत नाही. समजा तुमचं सेटिंग ८०० डीपीआय आणि व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी ०.३५ आहे. व्हॅलोरंट माउसच्या प्रत्येक पावलाला सेन्सिटिव्हिटी गुणिले ०.०७ अंश फिरवतं. हिशोब केला तर पूर्ण गिरकीला माउस सुमारे ४६.६ सेंटिमीटर सरकवावा लागतो. १६०० वर तीच गिरकी २३.३ मध्ये होते. अर्ध्या अंतरात! मुलगा तासभर निशाणा चुकवत राहतो, आज फॉर्म नाही म्हणतो आणि घरी जातो.

तपासायला पट्टी लागत नाही. एटीएम कार्डाची लांबी ८.५६ सेंटिमीटर असते. प्रॅक्टिस रेंजमध्ये एका खुणेवर क्रॉसहेअर धरा, माउस उचलून परत ठेवत पूर्ण गिरकी घ्या आणि एकूण अंतर कार्डाने मोजा. वरच्या सेटिंगला साधारण साडेपाच कार्डं भरायला हवीत. पावणेतीन भरली तर डीपीआय दुप्पट आहे, बटण दाबून खाली आणा.

त्याच मापाने माउसपॅड बघा. मागे वळायला अर्धी गिरकी, म्हणजे २३ सेंटिमीटर लागतात, आणि मागच्या रांगेतले पॅड जेमतेम २२ रुंद आहेत. पुढच्या सीटवर टेबलभर पसरलेलं कापडी पॅड आहे, ते उत्तम, फक्त मनगटाच्या जागी घामाने कडक झालंय. डाव्या क्लिकचीही परीक्षा घ्या. डेस्कटॉपवर एखादा फोल्डर धरून हळू ओढा; मध्येच सुटला किंवा एका क्लिकला उघडला तर बटणाखालचा स्विच झिजलेला आहे आणि स्प्रे (बटण दाबून धरलेला सलग गोळीबार) अर्ध्यात तुटणार. स्वतःचा माउस आणू देतात, ही या कॅफेची मोठी जमेची बाजू. आणलात तर मागच्या यूएसबी पोर्टला लावा, पुढचे पोर्ट हलून सैल झालेत.

कीबोर्ड ठीक. हेडफोनचं फोम सुटलंय, कानात घालायचे इअरफोन आपले न्यावेत.

लाइन फायबरची आहे. दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, सोलापूरहून सुमारे ४०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंदांच्या खाली पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) जाणं निसर्गालाच मंजूर नाही. वळसे आणि मधली यंत्रं धरून २० च्या आसपास आलं तर सोलापुरात समाधान मानावं. इथे दुपारी तेवढं येतं. रात्री नऊनंतर तेच ७० पर्यंत उड्या मारतं आणि खापर इंटरनेट कंपनीवर फुटतं. खरा चोर बहुतेक वेळा खोलीतच असतो: कुणीतरी पन्नास-साठ जीबीची गेम उतरवायला लावलेली असते. लाइन तुडुंब भरली की तुमच्या गेमच्या माहितीची छोटी पाकिटं (पॅकेट) राउटरच्या रांगेत मागे उभी राहतात. मालकाने राउटरमध्ये एकूण वेग लाइनच्या नव्वद टक्क्यांवर बांधला आणि डाउनलोडला मर्यादा घातली तर हा त्रास जवळजवळ संपतो. पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

तुम्ही बसताना व्हॅलोरंटच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओखालच्या स्टॅट्समध्ये नेटवर्क आरटीटी (म्हणजे पिंग) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पाकिटं) चालू करा. कायम ४० असलेलं पिंग चालेल, हाताला सवय होते. २० आणि ७० मध्ये झुलणारं नको. पॅकेट लॉस शून्याच्या वर टिकून राहिला तर रँक ठरवणारी मॅच खेळू नका, सरावाची डेथमॅच खेळा.

विजेचं प्रकरण गंभीर आहे. पुढच्या प्रत्येक पीसीला ६०० व्हीएचा यूपीएस दिलाय. तो प्रत्यक्षात ३६० वॉटपर्यंत उचलतो. मॅच चालू असताना ३०६० चा पीसी आणि मॉनिटर मिळून ३०० वॉटच्या आसपासही ओढू शकतात. कागदावर बसतं, पण बॅटरी वर्षभर जुनी झाली की लाइट जाताक्षणी यूपीएस ओरडतो आणि बंद पडतो. इथे एक केव्हीएचाच (१,००० व्हीए) हवा. मागच्या आठ सीट इन्व्हर्टरवर आहेत. त्याच्या पाठीमागे यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण असतं. नॉर्मलवर असेल तर बदल व्हायला जो वेळ लागतो तो पंख्याला चालतो, पीसीला नाही. पीसीचा पॉवर सप्लाय साधारण १५-१६ मिलिसेकंद तग धरतो आणि मग रिस्टार्ट. ते बटण नॉर्मलवरच होतं.

याहून मजेशीर गोष्ट म्हणजे पुढचे पीसी कधी वाचले तरी फायबरचा डबा आणि राउटर साध्या बोर्डावर आहेत. ते बंद होऊन परत लागायला दोन-तीन मिनिटं जातात. व्हॅलोरंटची फेरी १०० सेकंदांची, तिच्या आधी खरेदीला ३० सेकंद. म्हणजे एक-दोन फेऱ्या चार विरुद्ध पाच, किंवा सगळेच एका कॅफेत असतील तर शून्य विरुद्ध पाच. वर अर्धवट सोडल्याचा दंड अकाउंटवर. राउटरला बाजारात छोटा १२ व्होल्टचा यूपीएस दीड-दोन हजारांत मिळतो. बारा पीसीचा धंदा त्या दोन हजारांवर अडलाय.

आणि एप्रिल-मेमधला सोलापूर. हा हिशोब मालकांनी भिंतीवर लावावा. बारा पीसी मॉनिटरसह प्रत्येकी वरच्या बाजूने ३०० वॉट धरले तर ३,६०० वॉट उष्णता, बारा माणसांची प्रत्येकी १०० प्रमाणे १,२००. झाले ४,८००. एक टन एसी म्हणजे सुमारे ३,५०० वॉट, दीड टन म्हणजे सव्वापाच हजार. सगळ्या सीट भरल्या की दीड टनाचा एकुलता एसी पीसी आणि पोरं यांच्यातच खर्ची पडतो. दिवसभर ४२-४३ अंशांत तापलेल्या स्लॅबसाठी उरतं काय? संध्याकाळी सहाला खोली भट्टी होते, ग्राफिक कार्ड ८३ अंशांच्या आसपास पोचलं की स्वतःच वेग कमी करतं आणि फ्रेम घसरतात. तळहाताचा घाम वेगळा. दुसरा एसी लागेलच, तोवर निदान सीपीयूच्या जाळ्या पंधरा दिवसांनी साफ कराव्यात. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाजवळ कॅफे असेल तर आठवड्याला. सुताचे तंतू जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि ब्लोअरने उडत नाहीत, ब्रशने ओढून काढावे लागतात.

अँटी-चीटबद्दल, म्हणजे फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रामबद्दल, एक सावधगिरी. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड पीसी चालू होतानाच चालू व्हावं लागतं आणि विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी चालू हव्या असतात. व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा एरर आला तर बायोसमधलं (पीसीच्या मूळ सेटिंगमधलं) काम आहे, मालकाला सांगा. व्हॅन १५२ आला तर गोष्ट निराळी: त्या पीसीवर आधी कुणीतरी चीट वापरलंय आणि कंपनीने यंत्रावरच बंदी घातलीय. अशा सीटवरून लगेच उठा, पैसे परत मागा. इथे असा पीसी सापडला नाही. काउंटरवरचा पोरगा यूएसबी ड्राइव्ह लावू देत नाही, ते त्यामुळेच असावं, आणि बरोबर करतो.

वडिलांच्या प्रश्नातला जो भाग खरोखर जड आहे, तो अपडेटच्या दिवशी दिसतो. क्रिकेट कुणाच्या मालकीचं नाही. व्हॅलोरंट रायट कंपनीची मालमत्ता आहे आणि बीजीएमआय ही मोबाइलवरची गेम क्राफ्टन कंपनीची. नवं व्हर्जन आलं की बंदुकीचा मार, नकाशा, पात्राची ताकद रातोरात बदलते. बीजीएमआय तर जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून गेली ती मे २०२३ मध्ये परतली. दहा महिने नव्या मुलाला हा खेळ उतरवायचीही सोय नव्हती. बुद्धिबळात असं घडू शकत नाही. तरीही हे खेळ नाहीत असं म्हणवत नाही, कारण नियम कुणाचेही असोत, मॅचच्या वेळी दोन्ही बाजूंना ते सारखेच असतात. खेळाडूने मात्र एकाच गेमवर आयुष्य लावू नये. कॅफेपुरतं बोलायचं तर इथे अपडेट रात्री सर्व्हरवर करून ठेवतात, सकाळच्या गिऱ्हाइकाचा तास त्यात जात नाही. हे काम चोख आहे.

महिन्याअखेर हा कॅफे बीजीएमआयची स्पर्धा भरवतो. चौघांचे सोळा स्क्वॉड, चौसष्ट मोबाइल. गुणांची पद्धत अधिकृत स्पर्धांचीच: पहिल्याला १०, मग ६, ५, ४, ३, २, १, १, आणि प्रत्येक फिनिशला (बाद केलेल्या खेळाडूला) एक. स्कोअर फळ्यावर लगेच लिहितात, वाद होत नाहीत. घोटाळा वायफायचा. चौसष्ट फोन एका घरगुती राउटरवर टाकले तर शेवटच्या वर्तुळात अर्धे जण जागच्या जागी धावताना दिसतात. ५ गिगाहर्ट्झचे तीन ॲक्सेस पॉइंट, वेगवेगळ्या चॅनेलवर, एवढं तरी हवं. नसेल तर वायफाय बंद ठेवून प्रत्येकाला स्वतःच्या डेटावर खेळू द्यावं, ते परवडलं.

प्रवेश फीवरून मालकाला एक सांगणं. नव्या कायद्यात ई-स्पोर्ट्सची फी भाग घेण्यापुरती किंवा आयोजनाच्या खर्चापुरतीच असू शकते, बक्षीस कामगिरीवर, आणि मान्यता-नोंदणीची अट वेगळी. दोन टीमनी पाचशे-पाचशे काउंटरवर ठेवायचे आणि जिंकेल त्याने उचलायचे, हा जो प्रकार स्पर्धेनंतर चालतो, तो यात बसत नाही. पैशाच्या ऑनलाइन गेमची सेवा पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही लिहिलंय. ती लावालावी काउंटरवर होऊच देऊ नये.

पाचांची टीम घेऊन जाणार असाल तर बुधवार-गुरुवारी सकाळी अकरा ते चार गाठा. लाइन मोकळी असते, खोली तापलेली नसते, आणि पाच सीट एकदम घेतल्या तर अण्णा ८० च्या सीट ६५ ला देतात. विचारावं लागतं, स्वतःहून सांगत नाहीत. पाचवा खेळाडू म्हणून जो फक्त धूर टाकतो आणि माहिती देतो त्याला मागच्या पाच नंबरवर बसवा, तिथली केबल कार्डाला आहे आणि रिफ्रेश रेट हाताने १४४ करता येतो. सात आणि आठ नंबर घेऊ नका. बारा नंबर एसीच्या अगदी खाली आहे, गार आहे, पण पावसाळ्यात कीबोर्डवर पाणी टपकतं.